सागरतळाचे डिजिटल चित्रण
सागरतळाचे डिजिटल चित्रण म्हणजे संगणकावर किंवा टॅबलेटवर पाण्याखालील दृश्य रंगविण्याची पद्धत होय. फोटोशॉप, क्रिता यांसारख्या प्रणालींत पार्श्वभूमी, प्राणी व प्रकाश यांसाठी स्वतंत्र स्तर घेतात. त्यामुळे एक भाग बदलताना दुसरा बिघडत नाही. पाणी तांबडा प्रकाश प्रथम शोषून घेते, म्हणून खोली दाखविताना तांबडा रंग कमी करून निळ्या-हिरव्या छटा वाढवितात. मोठे डोके, टपोरे डोळे व गोलाई यांमुळे प्राणी गोंडस वाटतो; हे तत्त्व कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडले. मात्र प्राण्याची मूळ ओळख जपावी लागते. डॉल्फिनची आडवी शेपटी उभी काढल्यास तो मासा भासतो. महाराष्ट्रात मालवण सागरी अभयारण्यातील (स्थापना १९८७) प्रवाळ आणि वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले कासवे हे अशा चित्रांचे स्थानिक विषय ठरू शकतात.