ड्रॉइंग मास्तरांचा नांगर

शिवारफेरीत एक तक्रार हटकून ऐकू येते. "साहेब, पोरगा इंजिनिअर झाला, पण सुट्टीला आला की मोटारी खोलून बसतोय." बसू द्या की!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा. जन्म १८६९ चा. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येईनात. ब्रश ठेवला, यंत्रांचे ड्रॉइंग धरले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. इंजिनिअरची पदवी नाहीच. नोकरी सांभाळून सायकलींचा जोडधंदा. मुंबईहून सायकली बेळगावला धाडायच्या, थोरले बंधू रामुअण्णांनी त्या विकायच्या, अन् गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे! पुढे नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा राजीनामा देऊन बेळगाव गाठले.

तिथे कडबा कापण्याचे यंत्र झाले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. खरी परीक्षा इथेच. लोखंडाने जमीन विषारी होते, ही आपल्याच शेतकरी मंडळींची समजूत! पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. दोन वर्षे माल पडून राहिला तर आपण गुऱ्हाळसुद्धा बंद करू.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोडजवळचा निवडुंगाचा माळ दिला. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. राजेसाहेब स्वतः चित्रकार, हाही योगच.

उसाचे चरकही पुढे त्याच वाडीत झाले. कुणाच्या गोठ्यामागे जुना किर्लोस्कर नांगर पडला असेल, तर भंगारात घालण्याआधी गट ऑफिसला जरूर कळवावे.