होळकर संघाचे कर्णधार : सी. के. नायडू

इंदुरात क्रिकेटचा विषय निघाला, की वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते कर्नल सी. के. नायडू यांचे. नायडू मूळचे इंदूरचे नव्हेत. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरास एका तेलुगू कुटुंबात त्यांचा जन्म झाला व तेथेच ते या खेळात तयार झाले.

त्या काळी इंग्लंडात खेळाडूंचे दोन वर्ग असत : वेतन घेऊन खेळणारे आणि हौसेने खेळणारे. कर्णधारपद बहुधा हौशांकडेच जाई. आपल्याकडे गुणी खेळाडूचा चरितार्थ चालावयाचा तो एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयावर. १९२३ मध्ये होळकर महाराजांनी नायडूंना इंदुरास बोलावून आपल्या सैन्यात कप्तानाचा हुद्दा दिला, आणि इंदूर हेच त्यांचे घर झाले.

१ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदू संघातर्फे त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत षटकारच ११ होते! परंतु पराक्रम मोठा असला, तरी मान राजेरजवाड्यांचा. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार नेमले गेले ते पोरबंदरचे महाराज. महाराजांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखून स्वतः बाजूस होण्याचा मोठेपणा दाखविला. उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. अशा रीतीने २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे नेतृत्व नायडूंकडे आले. क्षेत्ररक्षण करताना हात दुखावला असतानाही पहिल्या डावात संघातील सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. १९३६ च्या दौऱ्यात मात्र कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांना मिळाले. नायडू त्यांच्या हाताखाली खेळले, व ओव्हलवरील आपल्या अखेरच्या कसोटीत चेंडूचा जबर मार सोसून त्यांनी ८१ धावा केल्या.

चाळिशी उलटलेला दुसरा एखादा खेळाडू येथे थांबला असता. नायडूंचे खरे राज्य पुढेच सुरू झाले, आणि तेही इंदुरात. होळकर संघ रणजी स्पर्धेत चौदा हंगाम खेळला. चार वेळा विजयी आणि सहा वेळा उपविजयी ठरला. मुश्ताक अली, सरवटे, जगदाळे, निंबाळकर अशी मंडळी त्यांच्या करड्या शिस्तीत वावरली. १९४६ साली याच शहरात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांचा डोंगर रचला गेला. एकाच डावात सहा शतके झाली, त्यांतील एक पन्नाशीच्या नायडूंचे. पुढे बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा काढल्या.

१९५२ च्या अंतिम सामन्यातील हकिकत तर आजही सांगितली जाते. मुंबईच्या फडकरांचा उसळलेला चेंडू तोंडावर बसून नायडूंचे दोन दात पडले. त्यांनी ते खेळपट्टीवरून बाजूस सारले आणि पुन्हा फलंदाजीस उभे राहिले. तेव्हा त्यांचे वय छप्पन्न वर्षांचे होते.

साठी ओलांडल्यावरही १९५६-५७ च्या हंगामात ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले.