लाट फुटत नाही तिथे

६ फेब्रुवारी १९३८ हा रविवार होता. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यातली गर्दी होती आणि किनाऱ्यापासून थोडं आत, वाळूच्या दांड्यावर, शेकडो माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी होती. एकापाठोपाठ तीन मोठ्या लाटा आल्या. पहिलीचं पाणी मागे फिरायच्या आत दुसरी आली, दुसरीवर तिसरी चढली आणि मग किनाऱ्याशी तुंबलेलं ते सगळं पाणी एकदम समुद्राकडे निघालं. दांड्यावरची माणसं त्याच्याबरोबर गेली. सुमारे अडीचशे जणांना ओढून बाहेर काढावं लागलं. पाच जण गेले. ऑस्ट्रेलियात हा दिवस ‘ब्लॅक संडे’ म्हणून ओळखला जातो. आकडा पाचावरच थांबला, कारण बाँडायच्या क्लबचे बरेच जीवरक्षक त्या वेळी नेमके किनाऱ्यावर हजर होते. ही घटना घडायला काही मिनिटं पुरली होती.

त्यानंतरच्या जवळजवळ नव्वद वर्षांत किनाऱ्यावरचं पाणी ओळखण्यासाठी माणसाने काय काय केलं, याचा मागोवा घेताना मला ही ‘काही मिनिटं’ विसरता येत नाहीत. पुढे आलेल्या प्रत्येक उपकरणाला ती मिनिटं कुठे ना कुठे आडवी आली आहेत.

ब्लॅक संडेच्या दोनच वर्षं आधी, १९३६ मध्ये, अमेरिकी भूशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं होतं. समुद्र माणसाला पायाला धरून खाली ओढतो, ही तेव्हाची सर्वसाधारण समजूत. शेपर्ड यांनी मांडलं की ही ओढ खाली नसते, बाहेर असते. पाण्याचा एक अरुंद प्रवाह किनाऱ्यापासून समुद्राकडे धावतो. त्यालाच आज ‘रिप करंट’ म्हणतात. लाटा वाळूच्या दांड्यावर फुटतात, पाणी दांड्याच्या अलीकडे साचतं आणि त्याला परत जायला वाट हवी असते. भाताच्या खाचराचा बांध एका जागी फुटला की सगळं पाणी तिथूनच धावतं, तसं हे पाणी दांड्यातली खोलगट जागा शोधतं. वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण कधी कधी तो दोन मीटरवरही जातो. त्याच्या विरुद्ध पोहून किनारा गाठणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही.

यातली खरी फसगत डोळ्यांची आहे. दांड्यातल्या खोलगट जागेत लाट फुटत नाही, म्हणून तिथे फेस नसतो. दोन्ही बाजूंना पांढरं उसळतं पाणी आणि मधे एक गडद, शांत पट्टा. लेकराबाळांना घेऊन आलेला माणूस कुठे उतरेल? त्या शांत पट्ट्यातच उतरेल. सिडनीतल्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाचे रॉब ब्रँडर गेली अनेक वर्षं समुद्रात जांभळा रंग सोडून हे लोकांना दाखवत आले आहेत. शांत दिसणाऱ्या पाण्यात रंग पडतो आणि डोळ्यांदेखत समुद्राकडे पळत सुटतो. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियात रिप करंटमुळे वर्षाला सरासरी २१ मृत्यू होत असल्याचं आढळलं. शार्कमुळे होणारे मृत्यू वर्षाला एकाच्या आसपास होते. शार्कसाठी मात्र १९३७ पासून जाळ्या लावल्या जात आहेत. ज्याचे दात दिसतात, त्याच्या भीतीवर पैसा आधी खर्च होतो.

डोळा फसतो म्हटल्यावर कॅमेरा आला. १९८० च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या रॉब होलमन यांनी किनाऱ्यांवर उंच जागी कॅमेरे बसवायला सुरुवात केली. या यंत्रणेचं नाव ‘आर्गस’. तिची युक्ती फार सुंदर आहे. समुद्राचा एक फोटो काढला तर त्यात नुसता गोंधळ दिसतो, कुठली लाट कुठे आणि फेस कुठला काही कळत नाही. होलमन यांनी दहा मिनिटांच्या चित्रांची सरासरी काढून त्यांचं एकच चित्र बनवलं. त्यात सुट्या लाटा विरून जातात. जिथे लाटा पुन्हा पुन्हा फुटतात तिथे धुरकट पांढरे पट्टे उमटतात. हेच पाण्याखालचे वाळूचे दांडे. आणि या पट्ट्यांना मधेच छेद देणाऱ्या काळ्या फटी दिसतात, त्या प्रवाहाच्या वाटा. पाण्यात पाऊल न टाकता समुद्राचा तळ दिसू लागला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पण दहा मिनिटांच्या सरासरीत दोन मिनिटांची घटना पुसली जाते. दांड्यातल्या खोल वाटेने रोज वाहणारा प्रवाह आर्गसला दिसतो. तीन लाटांनी उभा केलेला आणि लगेच ओसरलेला १९३८ सालचा बाँडायचा प्रवाह त्याला दिसला नसता.

यानंतरची पायरी अंदाजाची. अमेरिकेची सागर व हवामान संस्था ‘नोआ’ पूर्वी लांबलचक किनारपट्टीसाठी कमी, मध्यम किंवा जास्त धोका एवढंच सांगत असे. २०२१ मध्ये तिने नवं प्रारूप सुरू केलं. त्यात पुढच्या सहा दिवसांसाठी तासागणिक, जागेनुसार धोक्याची शक्यता दिली जाते. त्यामागचा एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. ग्रेगरी ड्युसेक यांनी या प्रारूपाचा पाया घातला तो नॉर्थ कॅरोलायनातल्या किल डेव्हिल हिल्सच्या जीवरक्षकांच्या नोंदींवर. मचाणावर बसलेली माणसं रोज पाणी बघून ‘आज ओढ किती’ हे लिहीत होती. संगणक शिकला तो त्यांच्या वहीवरून. तरीही या प्रारूपाला मुख्यतः लाटा आणि पाण्याची पातळी कळते. तुमच्या पायाखालचा दांडा गेल्या आठवड्यातल्या वादळात कुठे सरकला, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच ‘कमी धोका’ लिहिलेल्या दिवशीही प्रवाह असू शकतो, हे नोआ स्वतः सांगते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. हजारो चित्रं दाखवून शिकवलेली यंत्रं फेस नसलेली फट चटकन ओळखतात. यात कौतुक करण्यासारखं खूप आहे. मात्र तिरपं ऊन, पाऊस, वाऱ्याने खडबडीत झालेलं पाणी किंवा कॅमेऱ्याची कमी उंची यांतलं काहीही आलं की अचूकता घसरते. ज्या किनाऱ्याची चित्रं यंत्राने पाहिलीच नाहीत, तिथे त्याच्या बोलण्यावर विसंबता येत नाही.

उपकरणांनी जुनी चूक सुधारल्याचंही उदाहरण आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. २०१० च्या सुमारास कॅलिफोर्नियात जेमी मॅकमॅहन आणि सहकाऱ्यांनी जीपीएस बसवलेले तरंगते डबे प्रवाहात सोडले. बहुतेक डबे खोल समुद्रात गेलेच नाहीत. ते गोल फिरून पुन्हा उथळ पाण्याकडे आले. म्हणजे समांतर पोहणारा माणूस चुकीच्या दिशेला वळला, तर फिरत्या पाण्याच्या विरुद्ध झुंजत दमतो. यावर ऑस्ट्रेलियन संशोधकांनी आक्षेप घेतले, कारण त्यांच्याकडचे काही प्रवाह बाहेर सोडून देतात. वाद पूर्ण मिटलेला नाही. त्यातून निघालेला एक सल्ला मात्र जवळपास सगळ्यांना मान्य आहे. आधी घाबरू नका, दम राखा, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने २०१७ पासून याच तरंगण्यावर मोहीम उभी केली.

हात वर करता आला तर, एवढंच. फ्रँक पिया हे न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक. १९७० च्या सुमारास त्यांनी किनाऱ्यावरून कॅमेरा लावून खरोखर बुडणाऱ्या माणसांचं चित्रण केलं. त्यात दिसलं ते सिनेमातल्या बुडण्यापेक्षा फार वेगळं होतं. न पोहता येणारा माणूस बुडताना ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात फक्त श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला वेळ नसतो. हात हलवून बोलावणंही त्याला जमत नाही. दोन्ही हात बाजूला पसरून तो पाणी खाली दाबत राहतो. शरीर उभं, डोकं मागे, पायांची हालचाल जवळजवळ नाही. असं वीस ते साठ सेकंद चालतं. शेजारी खेळणाऱ्यांना वाटतं, मजेत उभा आहे.

म्हणून १८ जानेवारी २०१८ ची बातमी मी नेहमी दोनदा वाचतो. ऑस्ट्रेलियात लेनॉक्स हेड इथे ड्रोनने दोन मुलांजवळ तरंगती पिशवी टाकली आणि मुलं वाचली. ड्रोनने समुद्रातून माणसं वाचवल्याची ही जगातली पहिली घटना मानली गेली. ड्रोनला मिनिट-दोन मिनिटं लागली. पण मुलं अडचणीत आहेत हे आधी पाहिलं होतं किनाऱ्यावरच्या एका सामान्य माणसाने.

आता आपल्याकडे. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्यातल्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला गेली होती. चौदा विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं, लख्ख दुपार होती. त्यानंतर फलक लागले, सहलींसाठी सूचना निघाल्या. फलक आजही आहेत आणि फलकाच्या खांबाला चपला टेकवून लोक पाण्यात उतरतात, हे कोकणात कुठेही दिसतं. त्यांना दोष देऊन काय साधणार? ‘धोका’ एवढाच शब्द वर्षाचे ३६५ दिवस एकाच जागी उभा राहिला, तर तो कुणीच वाचत नाही.

आपल्या किनाऱ्याचं गणितही निराळं आहे. मुंबई-रायगडकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरपुढे जातो. सिडनीत तो साधारण दोन मीटरच्या आत असतो. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं आणि भरती लागली की परतीची वाट पाण्याखाली जाते. सकाळी जिथे प्रवाह नव्हता तिथे दुपारच्या ओहोटीत तो जोर धरतो. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू समुद्रात ओढून दांडे घालतात, हिवाळ्यात तीच वाळू परत येते. जानेवारीची चित्रं पाहून शिकलेला कॅमेरा जूनमध्ये अडाणी ठरेल. नारळी पौर्णिमेआधी होडी समुद्रात न घालणाऱ्या कोळ्याला हे कुणी शिकवलेलं नाही. ‘आज पाण्याला ओढ आहे’ हे तो पाहून सांगतो.

गोव्याने २००८ मध्ये जीवरक्षकांचं काम ‘दृष्टी’ या संस्थेकडे दिलं आणि किनाऱ्यांवर नेमलेली, शिकलेली माणसं उभी राहिली. २०२३ मध्ये तिथे ‘ऑरस’ नावाचा फिरता रोबो आणि ‘ट्रायटन’ ही कॅमेऱ्यांची यंत्रणा आली. पोहायला मनाई असलेल्या भागात कुणी शिरलं की ट्रायटन त्याला सावध करतं आणि जवळच्या जीवरक्षकाला कळवतं. हा क्रम मला बरोबर वाटतो. पंधरा वर्षं आधी माणसं आली, मग यंत्र आलं. यंत्राला निरोप द्यायला समोर कुणीतरी होतं.

महाराष्ट्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर ती पहिली पायरीच अजून कच्ची आहे. गर्दीच्या काही ठिकाणी जीवरक्षक असतात, पण पुढच्या वळणावरच्या वाळूवर कुणीच नसतं आणि हल्ली पर्यटक शांत किनारा शोधत नेमके तिथेच जातात. कॅमेरे घ्यायला निधी मिळतो, उद्घाटनही होतं. बारमाही पगारावर गावातली पोहणारी मुलं नेमायचा प्रस्ताव मात्र दर हंगामाला पुढे ढकलला जातो. उद्या काशिद किंवा गुहागरला कॅमेरा लागला आणि त्याने रविवारी दुपारी साडेचारला बरोबर ओळखलं की एक मुलगा त्या शांत पट्ट्यात गेला आहे, तर त्या निरोपावर धावणारा माणूस आधी नेमलेला हवा. त्याच्याकडे रेस्क्यू ट्यूब हवी, शिट्टी हवी आणि त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ त्याला पाठ हवी.