जेवणाच्या टेबलावर आरमार

रायपूरहून समुद्र चारपाचशे किलोमीटर दूर आहे. पण एक निळी चादर, थोडी बुचे आणि दोन फासे हाताशी असतील, तर शिडाच्या जहाजांची लढाई घरातच रंगू शकते.

छत्तीसगडातल्या मराठी घरांत इतिहासाच्या गोष्टी निघाल्या की त्या बहुधा घोडदळाच्या असतात. ते स्वाभाविकही आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरमार्गे बंगालवर चालून गेले. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. रायपुरात आज तात्यापारा आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. या मराठी वस्तीची मुळे त्या काळापर्यंत जातात. पण त्याच शतकात कोकणच्या किनाऱ्यावर मराठ्यांचे आरमार झुंजत होते, हे इथल्या किती मुलांना ठाऊक असते? शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळी मिळतात. परीक्षा संपली की त्याही पुसल्या जातात.

त्या चार ओळी जिवंत करण्याचा एक मजेदार मार्ग आहे. जगभरातले हौशी लोक टेबलावर छोटी जहाजे मांडून जुन्या सागरी लढाया पुन्हा खेळतात. याला पोरखेळ समजू नका.

समुद्रावर न लढलेला गुरू

स्कॉटलंडमध्ये जॉन क्लार्क नावाचे गृहस्थ होते (1728-1812). ते ना आरमारात होते, ना खलाशी. पण इंग्रज आणि फ्रेंच आरमारे समोरासमोर येऊनही निकाल का लागत नाही, हा प्रश्न त्यांना छळत असे. म्हणून ते टेबलावर जहाजांच्या छोट्या प्रतिकृती मांडून झालेल्या लढाया पुन्हा तपासू लागले. त्यातून 1782 मध्ये त्यांचा आरमारी डावपेचांवरचा निबंध तयार झाला आणि खऱ्या दर्यावर्दींनीही तो वाचला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी!

खेळ असा चालतो

टेबलावर निळी चादर पसरा. बुचाचा तुकडा म्हणजे जहाज, दात कोरायची काडी म्हणजे डोलकाठी आणि कागदाचा कपटा म्हणजे शीड. एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा बाण ठेवा. हा बाण वाऱ्याची दिशा दाखवतो आणि खेळाचा खरा राजा तोच. वारा मागून किंवा बाजूने असेल तर जहाज पट्टीने मोजून सहा इंच पुढे जाते, वारा तिरका समोरून आला तर दोनच इंच. थेट वाऱ्याच्या तोंडावर शिडाचे जहाज जाऊच शकत नाही, नागमोडी वळणे घेत जावे लागते.

प्रत्येक खेळाडू आपली चाल आधी चिठ्ठीवर लिहितो. मग सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडतात. समोरचा वळेल असे समजून आपण वळतो आणि तो मात्र सरळ आलेला असतो! तोफांचा निकाल फासे देतात. युरोपी जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. त्यामुळे त्याच्या बाजूला सापडणे धोक्याचे, पण पिछाडीला पोहोचलात तर त्याच्या बहुतेक तोफा मुक्या होतात.

तयार खेळही मिळतात. 1975 पासून अमेरिकेतल्या ॲव्हलॉन हिल कंपनीने विकलेला ‘वुडन शिप्स अँड आयर्न मेन’ हा खेळ हौशी मंडळींत फार गाजला. अलीकडे ‘सेल्स ऑफ ग्लोरी’ (2013) आणि ‘ब्लॅक सीज’ (2019) असे खेळ आले. पण ते महाग असतात. सुरुवातीला घरचे बूच काय वाईट?

जहाजे वाढली की गंमत वाढते

दोन जहाजांची झुंज सोपी. खरी परीक्षा मोठ्या आरमाराची. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रॅफल्गारच्या लढाईत ब्रिटिशांची 27 आणि फ्रेंच-स्पॅनिश बाजूची 33 मोठी लढाऊ जहाजे होती. इतक्या जहाजांना एक माणूस हुकूम देणार कसा? तोफांच्या धुरात निशाणेही दिसेनाशी होत.

म्हणून मोठ्या खेळात प्रत्येकाला चारपाच जहाजांची तुकडी देतात आणि बोलण्यास बंदी घालतात. मुख्य सेनापतीने फक्त दोन शब्दांची चिठ्ठी पाठवायची, बाकी ज्याने त्याने ओळखून घ्यायचे. घरात हे करून पाहा. सेनापती झालेल्या बाबांचा हुकूम धाकट्या मुलीपर्यंत पोहोचेपर्यंत वारा फिरलेला असतो. तिने स्वतःच्या बुद्धीने घेतलेला निर्णयच मग डाव वाचवतो. नेल्सननेही आपला बेत कप्तानांना आधीच समजावून सांगून पुढचे त्यांच्यावर सोपवले होते.

आंग्र्यांची युक्ती

आता टेबलावर कोकण किनारा मांडा. मराठ्यांकडे दोन प्रकारची लढाऊ जहाजे मुख्य होती: दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबे आणि वल्ह्यांवरही चालणारी हलकी गलबते. गुराबाच्या नाळेवर पुढे मारा करणाऱ्या जड तोफा असत. वारा पडला की इंग्रजांचे भारी जहाज जागच्या जागी खिळायचे. अशा वेळी गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत. तिथून डोलकाठ्या आणि शिडांवर मारा करायचा, जहाज लुळे पडले की गलबतांतून माणसे त्यावर चढवायची.

सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात हे आरमार भल्याभल्यांना पुरून उरले. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याचा खांदेरीवरचा हल्ला फसला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही हात हलवत परतले. खुल्या समुद्रात रांग धरून लढायचे नाही, किनारा, किल्ला आणि वारा यांना सोबती करायचे, हे शहाणपण टेबलावर दोन डाव हरल्यावर आपोआप कळते.

विजयदुर्गचा चटका

सगळ्यांत अवघड डाव मात्र फेब्रुवारी 1756 चा. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे वैर विकोपाला गेले होते. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला. पुढच्या वर्षी ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना खेटून उभी होती. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि बघता बघता सारे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला.

हा डाव मुलांना खेळायला द्या. जहाजे वेळीच बाहेर काढली असती तर? आपसात समेट झाला असता तर? फासे कितीही अनुकूल पडले तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात सापडत नाही. भाऊबंदकीने काय गमावले, हे दहा व्याख्यानांनी पटणार नाही इतके त्या जळक्या बंदराकडे बघून पटते.

युद्धाचा खेळ मुलांना का शिकवायचा, अशी शंका काही आया घेतील. शंका रास्त आहे. त्यावर सोपा उपाय असा, की बुडालेले प्रत्येक जहाज बाजूला काढताना त्यावर किती माणसे असतील याचा अंदाज मुलांनाच करायला सांगा. जिंकणाराही मग थोडा गप्प होतो. पडद्यावरच्या खेळात बटण दाबले की सारे पुन्हा पहिल्यासारखे होते. इथे ती सोय नाही.

येत्या रविवारी दोन्ही बाजूंना चारचार बुचे घेऊन सुरुवात करा. जेवणाची ताटे मांडायच्या आत लढाई संपवायची, एवढी अट मात्र घरच्या गृहिणीने आधीच घालून ठेवावी!