सर्दीची गोळी आणि सोबतची औषधे

देडतलाई परिसरातील रुग्णास ‘दुसरे औषध चालू आहे का?’ असे विचारले, तर सर्दीच्या गोळीचा उल्लेख क्वचितच होतो. तिला औषध मानण्याची प्रथाच नाही. म्हणून मी तिची स्वतंत्र चौकशी करतो व पाकीट पाहावयास मागतो. त्यावर बहुधा फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन व पॅरासिटामॉल ही नावे असतात. तापाची निराळी गोळी चालू असल्यास पॅरासिटामॉलची मात्रा नकळत दुप्पट होते. मद्यासोबत क्लोरफेनिरामिनची गुंगी वाढते. फेनिलेफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. क्षयरोगासाठी लिनेझोलिड चालू असेल, तर तो एकाएकी चढण्याचे भय अधिक. हे आपल्यापैकीही काहींच्या ध्यानी राहत नाही. आणि लाभ किती? पोटात घेतलेले फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर निष्प्रभ आहे, असे अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने नोंदविले. अशा रुग्णांना मी नाकात घालावयाचे सलाईनचे थेंबच देतो.