गिअर नेमका कधी बदलावा? शक्ती वाढविलेल्या गाडीचे गणित

ड्रॅग शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. येथे वळण नसते, चढ नसतो. सरळ रेषेत केवळ वेग वाढवायचा असतो. एकाच इंजिनाच्या आणि एकसारखे ट्यूनिंग केलेल्या दोन गाड्यांपैकी एक मागे पडते, तेव्हा दोष पुष्कळदा यंत्राचा नसतो. चालकाचा हात गिअरच्या दांड्याकडे केव्हा गेला, यावर निकाल ठरलेला असतो.

आज अनेक घरांतून तरुण मुले गाडीच्या संगणकातील नोंदी बदलून घेण्याचा, म्हणजेच ‘रिमॅप’ करण्याचा हट्ट धरतात. त्यासाठी बरीच रक्कम खर्च होते. मात्र वाढलेल्या शक्तीचा उपयोग कसा करावा, याविषयी दोन परस्परविरोधी सल्ले ऐकू येतात. एक म्हणतो, काटा लाल पट्ट्यापर्यंत नेल्याशिवाय गिअर बदलू नये. दुसरा म्हणतो, इंजिनाचा जोर, म्हणजे टॉर्क, सर्वाधिक असतो तेथेच बदलावा. हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत.

मुदत ठेव मध्येच मोडावी की नाही, हे ठरविताना जाणता माणूस आजवर किती व्याज मिळाले, हे पाहत नाही. येथून पुढे जुन्या ठेवीत काय मिळेल आणि नव्या ठेवीत काय मिळेल, एवढेच तो ताडून पाहतो. गिअरचा न्याय हाच आहे. चालू गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर पुढच्या गिअरमधील जोरापेक्षा अधिक आहे, तोवर गिअर बदलू नये. तो कमी होऊ लागताच क्षणाचाही विलंब करू नये.

याचे कारण असे की गाडी पुढे ढकलतो तो इंजिनाचा टॉर्क नव्हे, तर गिअरच्या गुणोत्तराने गुणला जाऊन चाकापर्यंत पोहोचलेला टॉर्क. खालच्या गिअरचे गुणोत्तर मोठे असते. म्हणून इंजिनाचा जोर ओसरू लागला तरी काही काळ खालचा गिअरच सरस ठरतो.

एक परिचित उदाहरण घेऊ. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन भारतात अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वापरले गेले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही ते तयार होत असे. स्विफ्टमधील त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत सर्वाधिक टॉर्क, म्हणजे १९० न्यूटन-मीटर, मिनिटाला २००० फेऱ्यांवर मिळत असे, तर सर्वाधिक शक्ती ४००० फेऱ्यांवर. शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. त्या हिशेबाने २००० फेऱ्यांवर शक्ती सुमारे ५४ अश्वशक्ती भरते. आणि ४००० फेऱ्यांवर टॉर्क सुमारे १३२ न्यूटन-मीटरवर उतरलेला असतो.

आता हिशेब सोपा व्हावा म्हणून दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २ आणि तिसऱ्याचे १.४ मानू. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना फेरे सत्तर टक्क्यांवर येतील. ४००० चे २८०० होतील. २८०० फेऱ्यांवर टॉर्क १७५ धरला, तर तिसऱ्यात १७५ गुणिले १.४, म्हणजे २४५; दुसऱ्यात मात्र १३२ गुणिले २, म्हणजे २६४. अर्थात ४००० वर गिअर बदलणे तोट्याचे. ४५०० वर टॉर्क १०५ पर्यंत घसरला असे मानले, तर दुसऱ्यात २१० उरतात. त्याच वेळी तिसरा गिअर ३१५० फेऱ्यांवर १६० गुणिले १.४, म्हणजे २२४ देतो. याचा अर्थ योग्य क्षण ४००० आणि ४५०० यांच्या दरम्यान होता. २००० वरच गिअर बदलणाऱ्याचे इंजिन तर १४०० फेऱ्यांवर कोसळेल. तेथे टर्बोला पुरेसा श्वासही घेता येत नाही.

ट्यूनिंगनंतर हेच गणित पालटते. डिझेल गाडीच्या रिमॅपमध्ये इंधन आणि टर्बोचा दाब वाढविला जातो. मधल्या फेऱ्यांवर जोर बराच वाढतो; परंतु छोटा टर्बो वरच्या फेऱ्यांवर तितकी हवा पुरवू शकत नाही, त्यामुळे तेथील वाढ अल्प राहते. समजा, २८०० वरील टॉर्क १७५ चा २१५ झाला आणि ४००० वरील १३२ चा केवळ १४५. आता ४००० वर दुसरा गिअर २९० देतो आणि तिसरा ३०१. म्हणजे गिअर बदलण्याची वेळ ४००० पूर्वीच येऊन गेली. जुन्या सवयीने काटा ४५०० पर्यंत नेणारा चालक खर्च करून मिळविलेली शक्ती तेथेच गमावून बसतो.

साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात उंच उचलीचा कॅमशाफ्ट बसविला, तर नेमके उलट घडते. शक्तीचे शिखर वरच्या फेऱ्यांकडे सरकते आणि गिअर उशिरा बदलावा लागतो. मात्र व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना तो वेग पेलला पाहिजे. अन्यथा इंजिनच निकामी होण्याचा धोका असतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. खालच्या गिअरांमधील अंतर मोठे असते, वरच्यांमधील कमी. म्हणून प्रत्येक जोडीचा क्षण निराळा असतो. तसेच गिअर बदलताना क्लच दाबलेला असतो, तेवढा वेळ चाकाला काहीच मिळत नाही. ठेव मोडण्याचा दंडच तो! उत्तम उपाय असा : ट्यूनिंगपूर्वी आणि नंतर डायनोवर गाडीची चाचणी घ्यावी, टॉर्कचा आलेख मागून घ्यावा, गिअरची गुणोत्तरे मिळवावीत आणि प्रत्येक गिअरसाठी गुणाकार मांडावा. एका कागदावर अर्ध्या तासात उत्तर मिळते. जो ट्यूनर आलेख देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्या हाती गाडी सोपवू नये.

हे ज्ञान केवळ शर्यतीपुरते नाही. दुपदरी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकताना समोरच्या मार्गिकेत घालविलेला प्रत्येक सेकंद धोक्याचा असतो. काटा ओसरत्या जोराच्या टप्प्यात अडकला किंवा नेमक्या त्याच वेळी क्लच दाबावा लागला, तर शक्तिमान गाडीही रेंगाळते. म्हणून बाहेर पडण्यापूर्वीच असा गिअर निवडावा, की तो मागे पडेपर्यंत बदलावा लागू नये. समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसत नसेल, तर मात्र कोणतेही गणित उपयोगाचे नाही.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत कलम १८९ नुसार दंडनीय आहे. विमा कंपनीस न कळविलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होऊ शकतो. वेगाची हौस असेल, तर चेन्नई आणि कोइंबतूर येथे बंदिस्त ट्रॅक आहेत.

घरातील मुलाने रिमॅपचा विषय काढला, तर सरळ नकार देण्याऐवजी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवावा आणि प्रत्येक गिअरचा हिशेब मांडण्यास सांगावे. आहे त्या गाडीचा हिशेब जुळला, की पुष्कळदा लक्षात येते : हवी असलेली वेगवाढ तिच्यात होतीच, गिअर तेवढा चुकीच्या वेळी बदलला जात होता.