डिकी नेमकी किती लिटरची?

बीएमडब्ल्यूची सध्याची एक्स1 युरोपात 540 लिटर डिकीची म्हणून विकली जाते. तीच गाडी अमेरिकेत गेली की माहितीपत्रकात 25.7 घनफूट छापून येतं, म्हणजे सुमारे 728 लिटर. पत्रा तोच, दार तेच. मग वरचे जवळपास 190 लिटर कुठून आले?

डिकीवरच्या मोकळ्या हवेतून. युरोपातला आकडा बहुधा जर्मन वाहन उद्योगाच्या ‘व्हीडीए’ पद्धतीचा असतो. 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर एक लिटरचा ठोकळा घ्यायचा आणि डिकीत किती रचता येतात ते मोजायचं. ज्या सांदीत ठोकळा बसत नाही, ती जागा धरायची नाही. सीट उभ्या असताना ही रचाई साधारण डिकीवरच्या झाकणाशी थांबते. अमेरिकी आकडा मात्र छतापर्यंत पोचतो. सीट आडव्या पाडल्या की युरोपातही छतापर्यंत मोजतात, आणि भांडण जवळपास मिटतं: इकडे 1,600 लिटर, तिकडे 57.2 घनफूट, म्हणजे 1,620.

म्हणजे खोटं कोणीच बोलत नाही. जाहिरातीची गंमत पुढे आहे. आपल्या शेंद्र्यात जुळणी झालेली दुसऱ्या पिढीची ऑडी क्यू3 घ्या. डिकी 530 लिटरची. मागची सीट 150 मिलिमीटर पुढे सरकवली की 675. हे वाढीव लिटर मागे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांकडून वसूल होतात! चाकणच्या मर्सिडीज जीएलएच्या युरोपीय आवृत्तीतही पाठ ताठ उभी केली की 435चे 495 होतात. ताठ बसून महाबळेश्वर गाठायचं कोणी, ते माहितीपत्रक सांगत नाही.

त्यात आपल्याकडे स्टेपनी. 2020मध्ये केंद्राने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना तिच्यातून सूट दिली. तरी काही आलिशान गाड्यांत ती अजूनही डिकीतच आडवी पडलेली दिसते.

नॉर्वेचा यूट्यूबर ब्योर्न न्यूलांड केळ्यांची खोकी भरून गाड्या तपासतो. मला हे माप जास्त पटतं. दोन गाड्यांची तुलना करायचीच, तर दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत का ते विचारा. आणि शोरूमला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या. सेल्समन हसला तर हसू द्या.